सोमा कुठवर आला?

प्रिय मामाजी,

पाया पडतो. तुम्ही असता तर "जवायानं पाया पडाचं नसते" म्हणत दोन पावलं मागे सरकला असता. आता तुम्हाला सरकता येत नाही, म्हणून एकदाचा नीट पडून घेतो.

पत्र लिहायचं कारण सांगतो. आज दुपारी वर्षाने कपाटावरचा तो डबा खाली काढला. आपल्या खेळाचा. पेढ्यांचा जुना पत्र्याचा डबा, आत फासे, पेन्सिली आणि तुम्ही स्वतः काढलेला नदीचा नकाशा. तुमची तेरवी झाली, पाहुणे गेले, बोरीच्या घराला कुलूप लागलं, पण त्या डब्याला आम्ही दोघांनीही हात लावला नव्हता. तिने तो फडक्याने पुसला, झाकण न उघडताच माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, "सोमा कुठवर आला होता?"

मी म्हटलं, "नदीच्या मुळापाशी. एक टेकडी राहिली होती."

"मंग येत्या रविवारी मले खेळाचं हाय. बाबा थांबले तथून."

मामाजी, तुमची लेक! आपण दोघं समोरच्या खोलीत बसायचो तेव्हा आत भाकरी थापता थापता "लेकरं झाले तुमी" म्हणून आपल्याला हिणवणारी तुमची लेक आता खेळायला बसणार आहे.

पण माझी पंचाईत बघा. सोमा शेवटच्या मुक्कामाला कोणाच्या घरी उतरला, तिथे काय झालं, हे फक्त आपल्या दोघांना ठाऊक आहे. वर्षाला सांगू नका असं तुम्ही मला सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. रविवारी ती पहिला प्रश्न तोच विचारणार. म्हणून आधी तुमच्याशी बोलून घ्यावं म्हटलं. फोन तर तुम्ही जिवंतपणीही कधी उचलत नव्हता!

आठवतं का हे सगळं कसं सुरू झालं? मामीजी गेल्यावर आम्ही दर रविवारी यवतमाळहून बोरी अरबला येऊ लागलो. वर्षा आल्या आल्या ओढणी खोचून घरात शिरायची आणि समोरच्या खोलीत उरायचो आपण दोघं. मी त्या वेताच्या खुर्चीत. जावई यायचा म्हणून तिच्यावर धुतलेलं कापड टाकून ठेवलेलं असायचं. तुम्ही बाजेच्या अगदी काठावर, जशी काही तुमची गाडी सुटायची वेळ झाली आहे.

"रस्ता बरा होता?"

"हो, बरा होता."

"ऊन लय हाय."

"हो, ऊन आहे."

झालं! इथे आपल्या गप्पा संपायच्या. मग आपण पंख्याकडे बघायचो. लाईट गेली असेल तर बंद पंख्याकडे बघायचो. एसटीत जन्मभर ड्रायव्हरकी केलेला माणूस तुम्ही. बसस्टँडवर ओळखीचा कोणी भेटला की तुमचा आवाज पार पोस्टापर्यंत ऐकू जायचा. आणि माझ्यासमोर तुम्हाला तोंड नव्हतं! जावयाचा मान म्हणजे काय असतो हे मला त्या खुर्चीत बसून कळलं. फार एकटं वाटायचं हो तिथे.

मग एका रविवारी माझ्या बॅगेतून फाशांची पिशवी खाली पडली. पुण्याला नोकरीत असताना मला या खेळाचं वेड लागलं होतं. यवतमाळात कॉलेजच्या लॅबमध्ये लागल्यावर इथेही चौघं जमवले होते. एक हैदराबादला गेला, एक पुण्याला, एकाचं लग्न झालं. लग्न झालेला सगळ्यात लांब गेला. राहिलो मी आणि माझे फासे.

"हे काय होय, जवाईबापू?" तुम्ही तो वीस बाजूंचा फासा उचलून उजेडात धरलात.

मी समजावलं. एक गोष्ट असते, ती मी सांगतो. त्यातलं जंगल, गावं, चोर, जनावरं सगळं माझ्याकडे. त्या गोष्टीतला एक माणूस तुमचा. तो काय करतो, काय बोलतो, ते तुम्ही ठरवायचं. जमेल की नाही अशी शंका आली तर फासा टाकायचा; आकडा मोठा आला तर जमलं.

"जिंकते कोन?"

"कोणीच नाही."

"मंग खेळतेत कायले?"

पण तुम्ही बाजेवर जरा आत सरकून बसलात. मला तेवढं पुरे होतं.

तुमच्या माणसाचं नाव तुम्हीच ठेवलंत, सोमा. मी म्हटलं, त्याला घोडा देतो, हवी तर बैलगाडी देतो. तुम्ही म्हणालात, "नाई. पायदल चालन तो. मी जनमभर दुसऱ्याच्या टायमिंगनं चाललो." सोमाच्या गावची नदी अचानक आटली होती. पाणी कुठे अडलं हे बघायला त्याने काठाकाठाने मुळाकडे चालत जायचं, एवढी साधी गोष्ट मी मांडली. पुण्याच्या मित्रांसोबत असती तर दोन बैठकांत संपली असती. तुम्ही तर प्रत्येक गावात थांबायचात! "इथं चा भेटते का?" हा सोमाचा पहिला प्रश्न. मग दुकानदाराचं नाव काय, त्याचं गाव कोणतं, तो चहा उकळू देतो की नाही.

चार जण खेळत असले की गोष्ट सांगणाऱ्याला दम खाता येतो. ते आपसात भांडत बसतात, तो गुपचूप पुढचं गाव रचतो. एकट्या माणसाला खेळवणं म्हणजे लेकराला डोळ्यांसमोर ठेवून स्वयंपाक करण्यासारखं. तुम्ही ज्याच्याकडे बघाल तो मीच, ज्याला हाक माराल तोही मीच. मी पावसाळ्यातल्या घाटापासून चहावाल्याच्या बायकोपर्यंत सगळं होतो, मामाजी. घरी परतताना माझा घसा बसलेला असायचा आणि मी खूश असायचो.

एकच गोष्ट मला समजत नव्हती. घाटात पहिल्यांदा दरोडेखोर आडवे आले तेव्हा मी आवाज चढवून म्हटलं, "गठुडं खाली ठेव!"

"ठेवलं," तुम्ही म्हणालात.

"मामाजी, सोमा लढू शकतो. पळू शकतो. गोड बोलून त्यांना फिरवू शकतो."

"नाई नाई. घेऊ द्या त्याईले. अजून काई पाह्यजे का म्हना."

धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण द्यावं तसं तुम्ही त्या दरोडेखोराला गठुडं दिलंत! पुढे नावाड्याने पैशांवर वहाणाही मागितल्या, दिल्या. विहिरीवरच्या भुताने घोंगडी मागितली, दिली. सोमाच्या पायात वहाणा उरल्या नाहीत. मी घाबरून वैरी लहान लहान करत गेलो. शेवटी एक लंगडा कोल्हा आणला. त्याला तुम्ही भाकरी दिलीत आणि वर म्हणालात, "उपाशी असन बिचारा."

एकदा तर तुमच्या फाशाचा पुरा वीस आला. वीस म्हणजे सगळ्यात मोठा आकडा. मी बघितला हो! तुम्ही पटकन त्याच्यावर पंजा ठेवलात, बोटाने फासा उलटा केलात आणि म्हणालात, "एक आला. गेला सोमा."

परत येताना मी गाडीवर वर्षाला म्हटलं, "तुझ्या बाबांना खेळ आवडत नाही बहुतेक. कोल्ह्यापुढेसुद्धा हार मानतात."

"कोल्हा कोन होता?"

"कोल्हा म्हणजे... मीच बोलतो त्याचं."

ती एवढी हसायला लागली की मला गाडी कडेला घ्यावी लागली. "अहो, मंग! जवायाले हरवते का कोनी?"

असा आहे होय प्रकार! इतके रविवार मी दरोडेखोर, भूत आणि कोल्हा होऊन तुमच्याकडून जावयाचा मान घेत होतो. मलाही हसू आलं. मग हसता हसता कसंतरी झालं. ज्या माणसाने भर पावसात पुराचं पाणी रस्त्यावर चढायच्या आत एसटी परत फिरवून माणसं वाचवली, तो माणूस लुटूपुटूच्या खेळातसुद्धा मला नाही म्हणू शकत नव्हता.

पुढच्या रविवारी मी आल्या आल्या खुर्चीतून उठलो आणि तुमच्या बाजेवर, तुमच्या शेजारी येऊन बसलो. केवढे गडबडलात तुम्ही! उभेच राहिलात. "अहो तथी बसा न, तथी कापड टाकलं हाय." मी तुमचा हात धरून खाली बसवलं. पहिल्यांदाच धरला असेन. म्हटलं, "मामाजी, समोर मी नाही. मी तुमच्याच बाजूचा आहे."

तुम्ही त्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलंत.

"मंग खुर्चीवर कोन हाय?"

"दरोडेखोर."

"तोच का, गठुडं नेलं तो?"

"तोच."

तुम्ही घसा खाकरलात. आणि मग असे ओरडलात, "ए! काय बापाची इस्टेट समजला का? आन इकडं गठुडं!" की आतून वर्षा पिठाच्या हातांनी धावत आली. "बाबा, कोनावर वरडून राह्यले?" तुम्ही खुर्चीकडे बोट दाखवलंत. ती आपल्या दोघांकडे बघत राहिली आणि मान हलवत आत गेली.

त्या दिवसापासून वैरी त्या खुर्चीत बसायचे आणि मी तुमच्या बाजूला. सोमाने गठुडं परत मिळवलं, घोंगडी सोडवली, वहाणांसाठी नावाड्याला तर रडवलं. फासे तुम्ही असे घोळवायचात की बाजेची दोरी करकरायची. आणि खरी गंमत खेळाबाहेर झाली. एकदा मी निघताना गाडीला किक मारली तेव्हा तुम्ही फाटकात येऊन म्हणालात, "जवाईबापू, राग नका मानू. पन तुमी क्लच अर्धा दाबून गाडी चालवता. लय खराब सवय." वर्षा थक्क झाली. मी तर बोरी ते यवतमाळ क्लचवरून बोट काढून आलो. तुम्ही मला माझं चुकतं असं सांगितलंत! मला किती बरं वाटलं, कसं सांगू?

पण मामाजी, एक तक्रार आहे. ती आज करतो.

तुम्ही आमच्या घरी पाण्याची बाटली घेऊन यायचात. हिरव्या झाकणाची. सोबत भाकरीचा डबा. डॉक्टरला दाखवायला यवतमाळला आलात तरी आमच्या गॅलरीत बसून स्वतःच्या डब्यातली भाकरी खायचात. "ड्रायव्हरची सवय हाय, आपला डबा आपल्याजोळ," असं म्हणायचात. कोणाला फसवत होता? पुसदच्या आलुबोंड्यापासून वणीच्या चहापर्यंत कोणत्या स्टँडवर तुम्ही खाल्लं नव्हतं? फक्त लेकीच्या घरचं चालत नव्हतं. लेकीला लेकरू झाल्याशिवाय बापाने तिच्या घरचं अन्नपाणी घेऊ नये, हा तुमच्या घरचा जुना नेम. आणि आम्हाला लेकरू नव्हतं. नागपूरचे डॉक्टर झाले, सगळं झालं, नाही झालं.

तुम्ही गॅलरीत भाकरी मोडायचात तेव्हा वर्षा स्वयंपाकघरात नळ मोठा सोडून भांडी घासायची. घासलेलीच पुन्हा घासायची. एकदा ती मला म्हणाली, "माह्या बापाले माह्या हातचं पानी चालत नाही. शाळेत मी एवढ्या पोरींले शिकवते, मोठमोठ्या गोष्टी सांगते, अन् घरी हे." मी तुमच्याशी बोलायला हवं होतं का? ते मला जमलं नसतं. तुमच्याशी मला एकाच भाषेत बोलता यायचं.

म्हणून मी ते घर रचलं. हो, मुद्दाम रचलं. नदी बारीक होत गेली होती. शेवटची टेकडी समोर होती. तिच्या पायथ्याशी एक गाव, गावात एक घर, दाराशी तुळस. सोमा दिवसभर चालून दमला होता. मी म्हटलं, "आतून एक बाई आली. दारात उभी आहे."

"कोनाचं घर होय?"

"सोमाच्या लेकीचं."

"सोमाले लेक हाय, हे तुमी आंदी नाई सांगतलं."

"तुम्ही विचारलं नव्हतं, मामाजी."

आत वर्षा काहीतरी फोडणीला टाकत होती, त्याचा खकाणा समोरच्या खोलीपर्यंत आला होता. तुम्ही एकदा शिंकलात, मग उपरण्याने नाक पुसलं.

"तिले लेकरूबाळ?"

"नाही."

तुम्ही फासा उचललात. तळहातावर घेऊन बघत बसलात. "टाकाचा का?"

"याला फासा लागत नाही. तुम्ही म्हणाल ते."

मला वाटलं, आता तुम्ही उठून जाल. हे घर कोणाचं आहे हे न कळण्याइतके तुम्ही भोळे नव्हता. पण तुम्ही फासा सदऱ्याच्या खिशात टाकला आणि हळू आवाजात म्हणालात, "नसू दे. जेवते तो."

तुम्हीच विचारलंत, "काय केलं तिनं?"

"वरण भात."

"पाहुन्याले वरन भात? पाटवडीचा रस्सा म्हना. बाप आला तिचा."

"बरं. पाटवडीचा रस्सा."

तुम्ही मांडी घालून नीट बसलात. समोर ताट असल्यासारखे हात गुडघ्यांवर ठेवलेत. आणि म्हणालात, "मीठ जास्त हाय. तो काई म्हनत नाई. अजून एक वाटी मांगते."

मीठ! वर्षाच्या रश्शात मीठ जास्त असतं हे तुम्हाला तिच्या लग्नाआधीपासून ठाऊक होतं. मला रडू आलं. मी नदीच्या नकाशाकडे बघत राहिलो.

थोड्या वेळाने मी धीर करून म्हटलं, "मामाजी, येत्या रविवारी तुम्हीच या यवतमाळला. जेवायलाच या."

"घाई नका करू, जवाईबापू. तो जेवला. मी अजून रस्त्यात हाय." मग दाराकडे बघून आवाज खाली घेतलात. "वर्षीले सांगू नका हे."

"का पण?"

"मी तिच्या घरी जेवलो, तर तिले वाटन, बापानं आस सोडली. नातू होईन म्हून मी थांबलो हाय, असं तिले वाटू द्या. कोनीतरी थांबलं पाह्यजे न?"

मामाजी, ती बाटली, तो डबा, गॅलरीतली ती कोरडी भाकरी, हे सगळं तुमचं वाट बघणं होतं होय! आम्ही दोघं त्याला नेम समजत होतो. ती त्याला अपमान समजत होती. असं मनात ठेवून कोणी प्रेम करतं का? एकदा, फक्त एकदा तिला हे सांगितलं असतंत तर तिची किती भांडी कमी झिजली असती!

मी मान डोलावली. तिला सांगितलं नाही.

मग पुढच्या पंधरवड्यात तुम्ही डोळे दाखवायला यवतमाळला आलात. गॅलरीत बसल्या बसल्या तुमचा डोळा लागला. तुमची बाटली रिकामी झाली होती. वर्षाने ती उचलली, आपल्या माठातलं पाणी भरलं आणि होती तिथे ठेवून दिली. मी दारात उभा राहून बघत होतो. तिने तोंडावर बोट ठेवलं. तुम्ही उठलात, झाकण काढलंत, घटाघटा प्यालात. थांबलात. बाटलीकडे बघितलंत आणि म्हणालात, "पानी गोड हाय." मग उरलेलंही पिऊन टाकलंत.

त्यानंतर आपला एकच रविवार झाला. त्या दिवशी लाईट नव्हती, तुम्हाला दमही लागत होता. सोमाला लेकीकडे अजून एक मुक्काम करू दे, असं तुम्ही म्हणालात. छातीत दुखतं हे मात्र म्हणाला नाहीत. का नाही सांगितलंत? क्लचचं सांगता आलं आणि छातीचं नाही? बुधवारी सकाळी चहा पिऊन ओट्यावर बसलात ते बसलातच. शेजारच्या काकूंनी फोन केला. आम्ही पोचलो तेव्हा सदऱ्याच्या खिशात तो फासा होता. तो मी काढून घेतला, कोणाला विचारलं नाही.

आणि आता खरी गोष्ट सांगतो, जिच्यासाठी हे पत्र आहे. वर्षाच्या मनात काटा रुतून बसला आहे. तेरवीच्या दिवशी सगळे पंगतीला बसले असताना ती मागच्या दारी उभी होती. मला म्हणाली, "मी बाबाचा नेम मोडला. झोपेत फसवून पानी पाजलं. अन् पंधरा दिवसांत ते गेले." मी म्हटलं, अगं, बोरीच्या हापशीचं पाणी मचूळ आहे, पहिल्या घोटालाच त्यांना कळलं असणार. गोड म्हणाले ते उगाच नाही. ती म्हणाली, "तहान लागली होती म्हून म्हनले." शिकलेली बाई, शाळेत शिकवणारी. तिलाही ठाऊक आहे पाण्याने माणूस मरत नाही. पण मन कुठे ऐकतं? तेव्हापासून ती माठातलं पाणी ओतताना थांबते. मी रोज बघतो.

माझ्याकडे तिच्या काट्याचा उपाय आहे आणि तोंडाला तुमचं कुलूप आहे. काय करू? शब्द मोडू? तुम्ही म्हणाल, "जवाईबापू, तुमचंच बरोबर." नको. तसं म्हणू नका. तुम्हाला नाही म्हणायला मी किती कष्टाने शिकवलं आहे!

मी खूप विचार केला आणि मला एक वाट सापडली. तुम्हाला आवडेल असं वाटतं.

रविवारी आम्ही इथे, यवतमाळला, आमच्या जेवणाच्या टेबलाशी खेळायला बसू. मी वर्षाच्या बाजूला बसेन, तुमच्या बाजूला बसायचो तसा. समोरची खुर्ची रिकामी ठेवेन. तिने सोमा व्हायचं नाही. सोमा तुमचाच राहील. मी तिला म्हणेन, "टेकडीच्या पायथ्याशी शेवटच्या गावात तुझं घर आहे. दाराशी तुळस आहे. दारावर थाप पडते. बाहेर एक म्हातारा उभा आहे, पायी आलेला, दमलेला. काय करतेस?"

ती दार उघडेल. मग तो तिला विचारेल, लेकरूबाळ? ती काय उत्तर देईल हे मला माहीत आहे. त्यावर तो काय म्हणतो, तेही मला पाठ आहे.

मी तिला काहीही सांगणार नाही, मामाजी. सांगायचं ते तुम्हीच सांगाल, तुमच्याच शब्दांत. मिठापर्यंत पोचायच्या आधीच तिला कळेल.

वचन देतो: तुम्ही न बोललेला एकही शब्द तुमच्या तोंडी घालणार नाही. तिने फासा मागितला तर देणार नाही, याला फासा लागत नाही. ती रडली तर थांबेन, कितीही वेळ. आणि टेकडीपलीकडे पाणी कोणी अडवलं ते मी अजून ठरवलेलं नाही. ते तुम्ही आणि ती चालत जाऊन बघा. वाटेत चहाला थांबलात तरी चालेल.

खुर्चीवर धुतलेलं कापड टाकतो आहे. तांब्या भरून ठेवतो आहे. वर्षा पाटवडीचा रस्सा करणार आहे, तिला मी तसं सांगितलेलं नाही, तिचं तिनेच ठरवलं.

या रविवारी. बाटली आणू नका.

तुमच्याच बाजूचा,
प्रफुल्ल